मांजराची घुरघुर

मांजर माणसाच्या मांडीवर येऊन बसते, अंगाचे वेटोळे करते, डोळे अर्धवट मिटते आणि थोड्याच वेळात त्याच्या गळ्यातून एक सलग, मंद आवाज येऊ लागतो. त्या वेळी त्याच्या अंगावर हात ठेवलेला असेल तर तो आवाज कानाला ऐकू येण्यापूर्वी तळव्याला जाणवतो. ज्या घरात मांजर आहे त्या घरातील लहान मुलालाही या आवाजाचा अर्थ विचारला तर ते सांगेल की, मांजर खूष आहे. हे उत्तर चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे, आणि अपुरे उत्तर पुरे मानल्याने कधीकधी मांजराच्या जिवावर बेतते.

कारण हाच आवाज अगदी निराळ्या प्रसंगीही ऐकू येतो. वाहनाखाली सापडून पाय मोडलेले मांजर पशुवैद्याच्या टेबलावर पडल्यापडल्या घुरघुरत असते. प्रसूतीच्या वेणा सोसणारी मांजरी घुरघुरते. असाध्य रोगाने अखेरच्या घटका मोजणारे म्हातारे मांजरही घुरघुरते, असे पशुवैद्यांनी वारंवार नोंदविले आहे. या सर्व प्रसंगी मांजर सुखात असते असे कोणी म्हणणार नाही. मग मांडीवरच्या निवांत मांजरात आणि टेबलावरच्या जखमी मांजरात समान असे काय असते? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. हा आवाज निघतो कसा, ही पहिली. आणि मांजराच्या आयुष्यात तो प्रथम केव्हा व कोणासाठी निघतो, ही दुसरी.

त्याआधी शब्दाविषयी थोडेसे. हा विषय मराठीत आणताना पहिल्याच ओळीत शब्दापाशी थांबावे लागते. ‘गुरगुर’, ‘घुरघुर’ आणि ‘घरघर’ असे तीन नादानुकारी शब्द आपल्या भाषेत एकमेकांच्या शेजारी नांदतात. कुत्रा किंवा वाघ गुरगुरतो तो रागाने. ती दिलेली ताकीद असते. घरघर जात्याची असते आणि मरणासन्न माणसाच्या छातीचीही; ‘घरघर लागली’ म्हटले की पुढचे सांगावे लागत नाही. घुरघुर या दोहोंच्या मधली. बोलताना पुष्कळजण मांजराच्या आवाजालाही गुरगुर म्हणतात. परंतु धाक दाखविणाऱ्या आणि जवळीक साधणाऱ्या आवाजांना एकच नाव दिल्यास पुढील विवेचनात घोटाळा होईल, म्हणून येथे घुरघुर हाच शब्द योजला आहे. घरघरीचा प्रसंग पुढे येणारच आहे.

एवढ्याशा गळ्यातून एवढा खर्ज

म्याव करताना मांजर, माणूस बोलताना करतो त्याप्रमाणेच, श्वास बाहेर सोडते. घुरघुर मात्र श्वास सोडताना चालू राहते आणि घेतानाही चालू राहते. दोहोंच्या सांध्यावर ती क्षणभर अडखळल्यासारखी होते, एवढेच. वाचकांनी श्वास आत ओढत असताना एखादे वाक्य बोलून पाहावे, म्हणजे मांजर किती अवघड गोष्ट किती सहज करते ते ध्यानात येईल.

दुसरे वैशिष्ट्य आवाजाच्या खोलीचे आहे. घुरघुरीच्या मूळ स्वरात सेकंदाला सुमारे २५ ते ३० कंपने असतात. पुरुषाच्या साध्या बोलण्यात स्वरतंतू सेकंदाला शंभर ते सव्वाशेच्या आसपास कंप पावतात, स्त्रीच्या बोलण्यात सुमारे दोनशे वेळा. माणसाच्या कानाची खालची मर्यादा सेकंदाला २० कंपनांची मानतात. म्हणजे घुरघुरीचा मूळ स्वर या मर्यादेच्या अगदी काठावर आहे. आपण जे ऐकतो तो बराचसा त्या मूळ स्वरावर उभा राहिलेला उपस्वरांचा समुदाय असतो. मूळ स्वर कानापेक्षा हातालाच अधिक कळतो.

आता, सामान्य नियम असा की प्राणी जितका मोठा तितका त्याचा आवाज खालचा. तंबोऱ्यावरील खर्जाची तार इतर तारांहून जाड असते तीही याच नियमाने. हत्तीचे स्वरतंतू सुमारे दहा सेंटिमीटर लांब असतात आणि त्यांतून माणसाला ऐकू न येण्याइतके खालचे स्वर निघू शकतात. घरातील मांजराचे वजन चार किलोग्रॅमच्या आसपास, आणि त्याचे स्वरतंतू जेमतेम सेंटिमीटरभर. एवढ्याशा वाद्यातून असा खर्ज कसा निघतो, हे कोडे शरीरशास्त्रज्ञांना दीर्घकाळ उलगडले नव्हते.

विसाव्या शतकात बराच काळ काही अभ्यासक असे मानीत असत की, घुरघुर गळ्यातून येतच नाही. शरीराच्या मागील भागातील रक्त हृदयाकडे आणणारी मोठी नीला छाती व पोट यांच्या मधल्या पडद्यापाशी दाबली जाते. तेथे रक्तात भोवरे उठतात आणि त्यांचा नाद श्वासनलिकेतून वर येतो, असा हा तर्क होता. आज तो वाचताना नवल वाटते. परंतु त्यामागील विचार अगदीच टाकाऊ नव्हता. श्वासाची दिशा बदलली तरी आवाज थांबत नाही, त्याअर्थी तो श्वासावर अवलंबून नसावा, असे वाटणे स्वाभाविक होते. शिवाय प्रत्यक्ष तपासणी करणे सोपे नव्हते. मांजराला आज्ञा करून घुरघुर करवून घेता येत नाही. आणि अनोळखी जागी, तारांनी वेढलेल्या मांजराची मर्जी सांभाळणे हे काम कोणत्याही प्रयोगशाळेला सुखाचे नाही.

१९७२ साली जे. ई. रेमर्स आणि एच. गोतिए या दोघांनी हे काम करून दाखविले. त्यांनी मांजराच्या स्वरयंत्राच्या स्नायूंतील आणि श्वासपटलातील विद्युत्‌-हालचालींचे आलेख घेतले. घुरघुर चालू असताना स्वरयंत्राचे स्नायू सेकंदाला वीस ते तीस वेळा, अतिशय नियमित ठेक्यात, आकुंचन पावत असल्याचे या आलेखांत दिसले. आकुंचनाबरोबर कंठद्वार मिटते, त्याच्या मागे हवेचा दाब साचतो, आणि ते उघडताच दाब एकदम मोकळा होऊन बारीकसा आवाज होतो. असे वीस-तीस आवाज एका सेकंदात झाले की कान त्यांना सलग धरतो. श्वासाच्या दिशेचे कोडेही येथे सुटते. दार जर सारखे उघडझाप करीत असेल तर वारा आतून आला काय नि बाहेरून आला काय, ते वाजणारच. हा ठेका मेंदूतून येतो, असा दोघांचा निष्कर्ष होता. पुढे १९९१ साली डॉन फ्रेझर सिसम, डी. ए. राइस आणि जी. पीटर्स यांनी अंगावर जाणवणारी कंपने व बाहेर ऐकू येणारा ध्वनी यांची काळजीपूर्वक मोजमापे घेतली. घरगुती मांजराच्या घुरघुरीची सरासरी त्यांना सेकंदाला २६.३ कंपने एवढी आढळली, आणि आवाजाचे उगमस्थान स्वरयंत्रच आहे याला दुजोरा मिळाला.

प्रश्न मिटला असे सर्वांनी धरले. पाठ्यपुस्तकांत तसे छापले गेले. परंतु २०२३ साली तो पुन्हा उघडला गेला, तोही गळ्याच्याच बाजूने. व्हिएन्ना विद्यापीठातील ख्रिस्तियान हर्ब्स्ट यांनी २०१२ साली बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयात नैसर्गिक मरण आलेल्या एका हत्तीच्या स्वरयंत्रातून हवा सोडून त्याचे खालचे स्वर निर्माण करून दाखविले होते. तीच रीत त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजराला लावली. असाध्य रोगामुळे ज्यांना वेदनारहित मरण द्यावे लागले अशा आठ मांजरांची स्वरयंत्रे, मालकांच्या संमतीने, त्यांनी अभ्यासाला घेतली. त्यांना ना मेंदू जोडलेला होता, ना कोणताही स्नायू आकुंचन पावत होता. तरीही नुसती हवा सोडताच आठही स्वरयंत्रांतून सेकंदाला २५ ते ३० कंपनांचा, म्हणजे घुरघुरीच्याच पट्टीचा, स्वर निघाला. स्वरतंतूंच्या आत संयोजी ऊतकाच्या लहान गाद्या बसविल्यासारख्या असतात, त्यांचा व्यास चार मिलिमीटरपर्यंत असतो, असे त्यांना दिसले. या गाद्यांमुळे तंतू जड होत असावेत आणि म्हणून ते इतक्या मंद गतीने हलत असावेत. माणूस पहाटे झोपेतून उठल्यावर ज्या खरखरीत, तुटक खर्जात बोलतो, त्याच्याशी या क्रियेचे साम्य आहे.

या प्रयोगाने १९७२ चे आलेख खोटे ठरले असे मात्र नव्हे. मेलेल्या गळ्याला जे करता येते तेवढेच जिवंत गळा करतो, असे म्हणता येत नाही. जिवंत मांजरात स्नायूंचा ठेका आणि तंतूंची जडण या दोहोंची सांगड असणे शक्य आहे, आणि कोणाचा वाटा किती हे ठरविण्याचे काम पुढच्या संशोधकांकडे आहे. आपल्याला येथे एवढे पुरे की, घुरघुर हा मांजराच्या गळ्याच्या घडणीतच बसवलेला स्वर आहे. मेहनत करून काढलेला तो आवाज नाही. फार थोड्या शक्तीत, कितीही वेळ, श्वासाबरोबर चालू ठेवता येण्यासारखा आहे. आजारी व दुबळ्या मांजरालाही तो का परवडतो, हे त्यावरून समजते.

वाघ, सिंह आणि चित्ता

मार्जारकुळातील सर्वच प्राणी घुरघुरतात काय? चार्ल्स डार्विन यांनी १८७२ साली प्रसिद्ध झालेल्या, माणूस व प्राणी यांच्या भावनाविष्कारावरील ग्रंथात या प्रश्नाला स्पर्श केला आहे. प्यूमा, चित्ता आणि ऑसेलॉट हे घुरघुरतात. सिंह, जॅग्वार व बिबट्या घुरघुरत नाहीत असे सांगतात. आणि वाघ खूष झाला की डोळे मिटून नाकातून एक आखूड फुरफुर काढतो, अशी त्यांची नोंद आहे. प्राणिसंग्रहालयात वाघाच्या पिंजऱ्यापाशी सकाळच्या वेळी शांतपणे उभे राहिल्यास, ओळखीचा रखवालदार येताच ही फुरफुर आजही ऐकायला मिळते.

घुरघुरणारे आणि डरकाळी फोडणारे अशी मार्जारकुळाची वाटणी पुढे रूढ झाली. आर. आय. पोकॉक यांनी १९१६ साली तिला जिभेच्या मुळाशी असलेल्या कंठास्थीचा आधार दिला. हेच पोकॉक पुढे ब्रिटिश हिंदुस्थानातील सस्तन प्राण्यांवरील ग्रंथाचे कर्ते म्हणून आपल्याकडील अभ्यासकांना परिचित झाले. घरगुती मांजरात कंठास्थीची साखळी पूर्ण हाडाची असते, तर सिंह-वाघात तिचा काही भाग लवचिक बंधाचा असतो. या फरकामुळे एकाला घुरघुर व दुसऱ्याला डरकाळी साधते, असे समीकरण मांडण्यात आले. ते दिसायला सुबक आहे, पण हिमबिबट्याने ते बिघडविले. त्याची कंठास्थी वाघ-सिंहासारखी असूनही तो डरकाळी फोडत नाही. डरकाळीचे कारण आज मुख्यतः मोठ्या, जाड स्वरतंतूंच्या घडणीत शोधतात.

चित्त्याबद्दल मात्र कोणालाच शंका नाही. सुमारे चाळीस ते पन्नास किलोग्रॅम वजनाचा हा प्राणी घरातल्या मांजरासारखाच, दोन्ही श्वासांवर, घुरघुरतो. भारतात चित्ता नामशेष झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले होते. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आणलेले आठ चित्ते मध्यप्रदेशातील कुनो राष्ट्रीय उद्यानात सोडण्यात आले. तेव्हा सत्तर वर्षांनंतर भारताच्या रानात ही थोरली घुरघुर पुन्हा उमटू लागली आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

आंधळ्या पिलांची भाषा

आता दुसऱ्या गोष्टीकडे, म्हणजे घुरघुर प्रथम केव्हा सुरू होते याकडे वळू. खरे उत्तर येथेच आहे, असे वाटते.

सुमारे नऊ आठवड्यांच्या गर्भावस्थेनंतर मांजराचे पिलू जन्मते तेव्हा त्याचे वजन शंभर ग्रॅमच्या आसपास असते. डोळे मिटलेले असतात. ते उघडायला आठवडाभर किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. कानांची छिद्रेही बंदच असतात. त्याला उभे राहता येत नाही. फक्त सरपटता येते. स्वतःच्या शरीराची ऊब टिकविण्याची शक्तीही त्याच्यात नसते; आईच्या व भावंडांच्या अंगापासून ते दूर राहिले तर गारठून मरते. जगाशी त्याचा संबंध केवळ तीन वाटांनी असतो: वास, ऊब आणि स्पर्श.

अशा पिलाला आई आली आहे हे कळायचे कसे? तिने म्याव केले तर ते ऐकण्यासाठी त्याला कान नाहीत. परंतु घुरघुरणाऱ्या मांजरीचे सगळे अंग थरथरत असते, आणि ती थरथर तिच्या पोटाशी लागलेल्या, तिच्याखालच्या चिंध्यांवर पडलेल्या पिलाला अंगाने कळते. भक्ष्य शोधून परतलेली मांजरी पिलांजवळ येऊन आडवी होते, घुरघुरू लागते, आणि पिले त्या रोखाने सरपटत आचळांपाशी पोचतात. जन्मल्यानंतर दोनएक दिवसांतच पिलेही घुरघुरू लागतात. येथे घुरघुरीचे एक मोठे सोयीचे अंग दिसून येते. तोंडात आचळ असताना म्याव करता येत नाही. केल्यास आचळ सुटेल. घुरघुर मात्र तोंड न उघडता, नाकाने श्वास चालू ठेवून, दूध पीत असतानाच करता येते. आईच्या पोटाला चार-पाच ठिकाणी ही थरथर लागत असते, आणि पिले जागच्या जागी आहेत, पीत आहेत, हे तिला मान वळवून पाहावे लागत नाही.

पिले दूध पिताना पुढच्या पंजांनी आईचे पोट आळीपाळीने दाबतात, हेही कोणी पाहिले नसेल असे नाही. त्या दाबण्याने पान्हा सुटण्यास मदत होते. घुरघुर आणि हे मळणे या दोन गोष्टी पिलाच्या आयुष्यात अशा एकत्रच येतात.

या आवाजाचा आणखी एक गुण म्हणजे तो दूर जात नाही. मांजर पिलांना सात घरे दाखविते असे आपल्याकडे म्हणतात, त्यामागे हीच धास्ती आहे. कुत्रा, मुंगूस, कधीकधी परका बोकासुद्धा पिलांचा काळ ठरतो. माळ्यावरच्या अडगळीत किंवा सरपणाच्या ढिगामागे लपविलेली पिले जर किंचाळून बोलू लागली तर सगळ्या आळीला त्यांचा पत्ता लागेल. घुरघुर हातभर अंतरावर विरून जाते. ती ज्याच्यासाठी आहे त्यालाच पोचते.

तेव्हा घुरघुरीचा मूळ अर्थ ‘मी सुखात आहे’ असा नसून ‘मी येथे आहे, तू जवळ राहा’ असा काहीतरी असला पाहिजे. भावनेचे ते प्रदर्शन नाही. दोन जीवांनी एकमेकांना दिलेला तो निरोप आहे. पिलू सुखात असताना तो जातो हे खरे, कारण पोट भरत असताना आणि ऊब मिळत असतानाच आई जवळ असते. सुख आणि सान्निध्य यांची पिलाच्या आयुष्यात ताटातूट नसते म्हणून आपण एकाला दुसरे समजतो.

रानटी मार्जारांत पिले वाढून विखुरली की हा निरोप देण्याचे प्रसंग कमी होतात. घरातल्या मांजराला मात्र आयुष्यभर कोणीतरी खाऊ घालते, ऊब देते, अंगावरून हात फिरविते. आई पिलाला चाटते आणि माणूस मांजराला कुरवाळतो, या दोहोंत मांजर फारसा फरक करीत नसावे. मोठी मांजरे उबदार शालीवर निजून ती आळीपाळीने दोन्ही पंजांनी मळतात, ही लहानपणच्या दूध पिण्याची राहिलेली सवय होय, हे डार्विन यांनी त्याच ग्रंथात ओळखले होते. अशा वेळी ती घुरघुरतात हे सांगायला नकोच. मोठी मांजरे आपसांत म्याव फारसे करीत नाहीत. माणसाशी मात्र करतात. एकंदरीत, माणसाच्या घरातले मांजर कितीही वयाचे झाले तरी काही अंशी पिलूच राहते.

आता टेबलावरच्या जखमी मांजराकडे पुन्हा पाहू. ते वेदनेत आहे, भ्यालेले आहे, पळून जाऊ शकत नाही. आयुष्याच्या आरंभी असहाय असताना ज्या आवाजाने ऊब आणि आधार मिळाला, तोच आवाज त्याच्या गळ्यात येतो. समोरच्याला तो ‘मी तुला इजा करणार नाही’ असे सांगत असेल. स्वतःलाही तो धीर देत असेल. अंधारातून एकटा जाणारा माणूस देवाचे नाव पुटपुटतो किंवा एखादे गाणे गुणगुणतो. तो आनंदात आहे म्हणून गातो असे आपण म्हणत नाही. मांजराच्या मनात शिरून याचा पुरावा आणता येणार नाही. परंतु मांडीवरची घुरघुर आणि टेबलावरची घुरघुर यांना जोडणारा याहून सरळ धागा दिसत नाही.

मागणीची घुरघुर

या निरोपाचा मांजराने एक चतुर उपयोगही करून घेतला आहे. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठातील कॅरन मॅककोंब यांना त्यांचा पेपो नावाचा बोका रोज सकाळी घुरघुरून उठवीत असे, आणि ती घुरघुर नेहमीपेक्षा अधिक टोचणारी वाटे. २००९ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा मांजरांची घुरघुर दोन प्रसंगी ध्वनिमुद्रित केली: अन्न मागत असताना, आणि नुसते निवांत असताना. ती ऐकविली असता, ज्यांनी कधी मांजर पाळले नव्हते अशा लोकांनाही पहिली अधिक निकडीची व कमी सुखद वाटली. मागणीच्या घुरघुरीत नेहमीच्या खर्जाच्या आत एक वरचा स्वर, सेकंदाला साधारण ३८० कंपनांचा, दडलेला आढळला. तान्ह्या मुलाचे रडणेही साधारण याच पट्टीत असते. हा स्वर यंत्राने काढून टाकल्यावर तीच घुरघुर लोकांना कमी निकडीची वाटली. म्याव करून मागणाऱ्या मांजराला माणूस हाकलून देतो. पण घुरघुरीत गुंडाळलेले रडे त्याला अंथरुणातून उठवून दुधाच्या भांड्याकडे नेते. एका माणसाशी जवळिकीने राहणाऱ्या मांजरांतच ही युक्ती विशेष दिसते. गर्दीच्या घरात तिचा निभाव लागत नसावा; तेथे मोठ्याने ओरडल्याशिवाय कोणी पाहत नाही.

घुरघुरीने मोडलेली हाडे सांधतात, असे अलीकडे पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते, म्हणून त्याविषयी दोन शब्द. मांजराची हाडे लवकर जुळून येतात हा पशुवैद्यांचा जुना अनुभव आहे. २००१ साली एलिझाबेथ फॉन मुगेनथालर यांनी असे सुचविले की, घुरघुरीची कंपने हाडांच्या वाढीला पोषक असलेल्या कंपनांच्या पट्टीत पडतात, तेव्हा मांजर स्वतःवर उपचार करीत असावे. त्याच वर्षी क्लिंटन रुबिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढ्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला होता. सेकंदाला ३० वेळा हलक्याने थरथरणाऱ्या फळीवर मेंढ्यांना वर्षभर, दररोज वीस मिनिटे उभे केले असता त्यांच्या मांडीच्या हाडाच्या जाळीदार भागाची घनता ३४ टक्क्यांनी वाढली होती. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की मोह पडतो. परंतु मेंढीचा सगळा भार त्या फळीवर होता, तर मांजराच्या गळ्यातली थरथर त्याच्या मांडीच्या हाडापर्यंत कितपत पोचते हा निराळा प्रश्न आहे. आणि घुरघुरणाऱ्या मांजराचे हाड न घुरघुरणाऱ्यापेक्षा लवकर जुळते, हे कोणी तुलना करून दाखविलेले नाही. कल्पना म्हणून ती ठेवावी. तिच्या भरवशावर मोडक्या पायाचे मांजर घरी ठेवू नये.

हे इतक्या आग्रहाने लिहिण्याचे कारण आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या घरी एक बोका होता. दोन दिवस तो वरचेवर वाळूच्या घमेल्यात जाऊन बसे आणि तसाच परत येई. खाणे टाकले होते, कपाटाखालून बाहेर येत नव्हता. परंतु हात लावला की घुरघुरत असे. त्याअर्थी विशेष काही नसावे, असे सर्वांचे मत पडले. तिसऱ्या दिवशी त्याला पशुवैद्याकडे नेले तेव्हा उशीर झाला होता. लघवीचा मार्ग अडलेला बोका दोन-तीन दिवसांत दगावू शकतो, हे आम्हाला त्या दिवशी प्रथम समजले. शेवटपर्यंत त्याची घुरघुर थांबली नव्हती.

म्हणून घुरघुर एकटी ऐकू नये. तिच्याभोवतीचे मांजर पाहावे. सुस्थितीतले मांजर अंग सैल टाकते, कूस बदलते, अंग चाटून स्वच्छ ठेवते, भांड्याचा आवाज होताच कान टवकारते. दुखणाईत मांजर चारही पाय पोटाखाली घेऊन कुबड काढून बसते, अंधारा कोपरा शोधते, चाटणे सोडते, केस विसकटलेले राहतात. त्याच्या छातीची हालचाल मोजावी. झोपेतल्या निरोगी मांजराचे श्वास मिनिटाला तीसच्या वर सहसा जात नाहीत. तोंड उघडे ठेवून श्वास घेणारे मांजर तर घुरघुरत नसतेच. ती घरघर असते आणि तेथे एक तासही दवडू नये. एक दिवसाहून अधिक काळ अन्नाला तोंड न लावलेल्या मांजराच्या बाबतीत घुरघुरीची साक्ष मुळीच ग्राह्य धरू नये, कारण उपाशी राहिलेल्या मांजराचे यकृत फार लवकर बिघडते.

पशुवैद्यांना या आवाजाची निराळीच अडचण होते. छातीला नळी लावावी तर घुरघुरीपुढे हृदयाचे ठोके ऐकूच येत नाहीत, आणि रागावून वा समजावून ती थांबत नाही. तेव्हा पुष्कळ पशुवैद्य मांजराला हात धुण्याच्या भांड्यापाशी नेतात आणि नळ सोडतात. वाहत्या पाण्याकडे पाहताच बहुतेक मांजरे घुरघुरायची थांबतात, आणि तेवढ्या अर्ध्या मिनिटात ठोके मोजून होतात.